पोत्यात घालून कुठे नेणार?

तुमच्याही कॉलनीत हे कधी ना कधी घडलं असेल. सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला जावं, तर पाण्याच्या टाकीखालून बारीक, चिरका आवाज येतो. आधी वाटतं, पक्ष्याचं पिल्लू असेल. मग कुणीतरी वाकून बघतं आणि जिन्यातूनच ओरडून सांगतं, 'अगं, व्यायली की ती पांढरी!' शाळेची रिक्षा खाली खोळंबते, कारण पोरं सगळी गच्चीवर. दुपारपर्यंत दोन घरांतून दूध जातं, एका घरातून जुना पंचा जातो. आणि संध्याकाळपर्यंत चौथ्या घरातून निरोप येतो, 'या घाणीचं काय करायचं ते आधी ठरवा.'

आमच्या इंदिरानगरच्या चौदा घरांच्या कॉलनीत अगदी असंच झालं. चार पिल्लं होती. डोळे नुकते उघडले होते, म्हणजे दहा-बारा दिवसांची असतील. एका सकाळी टाकीखाली नुसता पंचा उरला. चौकशी केली तेव्हा कळलं, वॉचमनदादांच्या हातावर कुणीतरी शंभराची नोट ठेवली होती आणि पिल्लं पोत्यात घालून नदीपलीकडे, भाजीबाजाराच्या बाजूला 'सोडून' आले होते. नोट कुणी दिली हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, 'मारलं नाही हो ताई, बाजारात सोडलं. तिथं खायला भरपूर असतं.'

दहा दिवसांच्या पिल्लाला खायला येतच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आईच्या दुधाशिवाय आणि उबेशिवाय ते पिल्लू दिवस-दोन दिवस कसंबसं तगतं. इकडे आई तीन रात्री कॉलनीभर हिंडून ओरडत होती. प्रत्येक दारापाशी थांबायची, आत बघायची. तिसऱ्या रात्री कॉलनीत कुणी धड झोपलं नाही, तक्रार करणाऱ्या काकूसुद्धा नाहीत.

आणि मग काय झालं? अडीच-तीन महिने जातात न जातात तोच टाकीखाली पुन्हा चार पिल्लं!

यात नवल काही नाही. मांजरीचे दिवस साधारण त्रेसष्ट ते पासष्ट. पिल्लं अंगावर पीत असतील तर ती बहुतेक वेळा काही आठवडे थांबते, पण पिल्लं अचानक नाहीशी झाली की लवकरच पुन्हा माजावर येते. म्हणजे जो उपाय म्हणून आपण करतो, त्यानेच पुढचं बाळंतपण अलीकडे ओढून आणतो. त्यात मादी पाच-सहा महिन्यांची झाली, तेवढ्यातच तिला पिल्लं होऊ शकतात. एका खेपेला तीन-चार, वर्षाला दोन-तीन खेपा. आपल्याकडे थंडी बेताची आणि ऊन भरपूर, त्यामुळे थंड देशांतल्या मांजरींना मिळते तशी हिवाळ्याची सक्तीची विश्रांतीही आपल्या मांजरींना फारशी नाही. यातली निम्मी-अधिक पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. साथीच्या रोगाने, गाडीखाली, कुत्र्याच्या तोंडी. त्या हिशेबाने 'निसर्ग बघून घेईल' असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की त्या मरणाऱ्या पिल्लांपैकी एक तुमच्या स्कूटरच्या चाकाखाली सापडलं होतं का कधी?

आपल्याकडे मांजर मारणं हे मोठं पाप. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे प्रत्येकीने आजीकडून ऐकलेलं आहे. बाळाच्या पाचवी-षष्ठीला जिची पूजा होते त्या षष्ठीदेवीचं वाहनही मांजरच. ही श्रद्धा वाईट नाही, तिने पुष्कळ जीव वाचवले असतील. पण तिच्यातून आपण एक पळवाटही काढली. मारायचं नाही, सोडून यायचं. बाजारात, देवळापाशी, गोदेच्या पलीकडे, मळ्यात. पाप लागत नाही आणि दारही स्वच्छ होतं. सोन्याचं मांजर वाचलं!

कायदा मात्र असं मानत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. उपाशी-तहानेलं राहून हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं, हा त्याच्या अकराव्या कलमात गुन्हाच आहे. आता हसू नका, पण पहिल्या गुन्ह्याला त्यात दंड आहे दहा ते पन्नास रुपये. त्या काळी ती रक्कम मोठी असेल. आज आमच्या वॉचमनदादांना मिळालेली नोट दंडाच्या दुप्पट होती. विष घालून किंवा मारून टाकण्याचं प्रकरण वेगळं. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे. 'पिठात काहीतरी कालवून ठेवा' असा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांच्या कानावर हे जरूर घाला.

दुसऱ्या खेपेची पिल्लं झाली तेव्हा आम्ही सात-आठ जणी एका पोर्चमध्ये बसलो. चहा झाला, भांडण झालं. मग असा प्रश्न निघाला की कॉलनीत मांजरं एकूण आहेत तरी किती? एक म्हणाली चार, एक म्हणाली अकरा, तक्रार करणाऱ्या काकू म्हणाल्या पंचवीस. शेवटी नववीतल्या एका मुलीने आठवडाभर मोबाईलवर फोटो काढले आणि वहीत लिहिलं. मोठी मांजरं निघाली सात. चार माद्या, तीन बोके. पिल्लं वेगळी. हे काम कुठलीही शाळकरी मुलगी करू शकते आणि ते आधी करावं, कारण त्याशिवाय सगळं बोलणं हवेत.

त्याच वहीतून आणखी एक गंमत कळली. पहाटे पाचला एक वहिनी दूध-पोळी ठेवायच्या. दुपारी दोनला एक आजी भात ठेवायच्या. रात्री दहाला तिसऱ्या घरातून माशाची डोकी यायची. तिघींनाही मनापासून वाटत होतं, की या मुक्या जिवांना आपल्याशिवाय कुणी नाही. मांजरं मात्र तिन्ही घरं सांभाळून होती. उरलेलं खरकटं जिन्यात वाळायचं, त्यावर मुंग्या, मग घुशी, मग घुशींच्या मागे आणखी दोन बोके.

इथे मी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, राग आला तरी चालेल. मांजरांना खायला घालणाऱ्या बहुतेक आपणच, बायका. आणि खायला घालून ऑपरेशन न करणं म्हणजे पुढच्या पोत्याची तयारी करणं. पोटभर मिळालेली मादी जास्त पिल्लं जगवते. जीव लावला तर सोयही लावावी लागते. त्या तीन घरांत एक घर माझं होतं, म्हणून हे म्हणायचा मला अधिकार आहे.

जीव लावणं किती खोलवर जातं, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिलं. 9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाचा गाळ साठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, कारण त्याने कमरेला दोर बांधला होता. अशा गाळातून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि उतरणाऱ्याला ओरडायलाही वेळ देत नाही. त्या माणसांना कुणी वेडं म्हणू नये. दारातलं जनावर डोळ्यांदेखत बुडताना पाहवत नाही, हे आपण सगळ्या जाणतो. पण मांजर विहिरीत, डक्टमध्ये, टाकीत पडलं तर माणसाने उतरायचं नाही. दोराला टोपली किंवा जाड गोणपाट बांधून सोडायचं, मांजर बहुतेक वेळा त्याला नख्या रोवून चढून बसतं. नाही जमलं तर 101 ला फोन करून अग्निशमन दलाला बोलवायचं. आणि मुख्य म्हणजे उघडी विहीर, उघडी टाकी झाकून घ्यायची. तेवढा खर्च करायला कॉलनीची सभा लागत नाही.

तर ऑपरेशन. 'नसबंदी' हा शब्द उच्चारला की आमच्या बैठकीत दोन आवाज निघाले. पहिला आवाज आजींचा, 'एकदा तरी आई होऊ द्या बिचारीला.' ही माया माणसाची आहे. आधी पिल्लं झाल्याने मांजरीच्या तब्येतीला काही फायदा होत नाही; उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनांच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो, असं डॉक्टर सांगतात. दुसरा आवाज जरा तिखट होता. 'घरातही ऑपरेशन आमचंच आणि आता मांजरीतही मादीचंच का?' सगळ्या हसलो, पण प्रश्न खोटा नव्हता. टाक्याचं ऑपरेशन म्हणजे बाईनेच करून घ्यायचं, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय. मांजरांत उत्तर असं आहे, की बोक्यांचंही करायचं. त्याने रात्रीची ती भयानक भांडणं, भिंतीवर आणि गाडीच्या चाकावर मारलेल्या पिचकाऱ्यांचा उग्र वास, दोन्ही पुष्कळ कमी होतं. पण पैसे मोजके असतील तर आधी माद्या, कारण एक बोका सुटला तरी चार माद्यांना पुरतो.

बोका घरातला असो की रस्त्यावरचा, पकडायचा कसा हा खरा प्रश्न. हाताने धरायला जाऊ नका. घाबरलेली मांजर चावते आणि नख्या खोल लावते. उंदराच्या पिंजऱ्यासारखाच, पण मोठा, दार आपोआप पडणारा पिंजरा मिळतो. आत सुकट किंवा बोंबलाचा तुकडा ठेवायचा. आमच्यातल्या शाकाहारी वहिनींनी नाकाला पदर लावून तो ठेवला, हे इथे नोंदवायलाच हवं. मांजर आत गेली की लगेच पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधार झाला की ती शांत होते. ऑपरेशनच्या आधी मोठ्या मांजरीचं पोट रिकामं लागतं, किती तास ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावं. ऑपरेशननंतर बोका दुसऱ्या दिवशी सोडता येतो, मादीला दोन-तीन दिवस कोरड्या, बंद जागेत ठेवावं. आम्ही एका बंद पडलेल्या गॅरेजमध्ये ठेवलं. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यायची आणि डाव्या कानाचं टोक किंचित कापून घ्यायचं. भूल असतानाच कापतात, दुखत नाही. ऐकायला कसंतरी वाटतं खरं, पण त्या खुणेमुळे ही मांजर झालेली आहे हे लांबूनच कळतं आणि तिला दुसऱ्यांदा पिंजऱ्यात घालायची, कापायची वेळ येत नाही.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. मादीला पकडलं आणि तिचे आचळ सुजलेले, ओढलेले दिसले, तर ती पाजणारी आहे. तिला सोडून द्या, पिल्लं शोधा आणि ती दीड-दोन महिन्यांची झाली की मग तिला न्या. आम्ही एकदा घाई करणार होतो. डॉक्टरबाईंनीच परत पाठवलं.

खर्च येतो. खाजगी दवाखान्यात एका ऑपरेशनला काही हजार लागू शकतात. पण चार-पाच मांजरं एकत्र, भटकी आहेत असं सांगून नेली तर बरेच डॉक्टर कमी पैशात करतात. प्राणिमित्र संस्थांचं सहकार्यही मागता येतं, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातही विचारावं. आम्ही दर महिन्याला घरटी दीडशे रुपये काढले आणि महिन्याला एक मांजर असा सावकाश हिशेब ठेवला. तक्रार करणाऱ्या काकूंनी पहिले पैसे दिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, 'मला मांजर आवडत नाही, म्हणूनच देते.' खरं तर त्यांच्याइतकी पक्की सभासद दुसरी कुणी नाही.

मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांनी कुत्र्यांबरोबर मांजरांच्या नसबंदीचंही काम हाती घेतलं. छोट्या शहरांत आणि नगरपालिकांत मात्र भटका प्राणी म्हटलं की कुत्राच डोळ्यासमोर येतो. केंद्राचे 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम वाचले तरी त्यांचा भर कुत्र्यांवरच दिसतो. कारण उघड आहे, मांजर चावल्याच्या बातम्या होत नाहीत. म्हणून वॉर्डाच्या लोकप्रतिनिधीकडे जाल तेव्हा 'मांजरं हटवा' असा अर्ज देऊ नका, 'मांजरांची ऑपरेशनं करा' असा द्या. आणि सोबत ती वही न्या, आकड्यांसकट.

ऑपरेशन झाल्यावरही काकूंचा एक प्रश्न होताच. 'पुन्हा इथेच का सोडायची? लांब सोडा की.' तर मांजरीची हद्द ठरलेली असते. ओळखीच्या जागेतून काढून नवीन जागी टाकली तर ती परतण्याच्या धडपडीत मरते. आणि तिची इथली जागा रिकामी झाली, की पलीकडच्या गल्लीतली, ऑपरेशन न झालेली, आठवडाभरात तिथे हजर. आपल्या हद्दीत आपलीच झालेली मांजर राखणीला बसलेली परवडली.

शिवाय उंदीर. जुन्या नाशकातले वाडे, रविवार कारंज्याकडची धान्याची दुकानं, तिथल्या लोकांना मांजराचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. प्लेगच्या काळात तर हा विषय थेट डॉक्टरांच्या मासिकात गेला होता. अमरावतीचे त्या वेळचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू बुकॅनन यांनी 1908 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की ज्या गावांत मांजरं पुष्कळ तिथे प्लेग कमी दिसतो, तेव्हा लोकांनी मांजरं पाळावीत. आज आपल्याकडे प्लेगची भीती नाही, पण पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो आहे. अर्थात मांजरं आली म्हणजे उंदीर संपले, असं नाही. कचऱ्याचा डबा उघडा ठेवाल तर दोघंही सुखाने नांदतील.

आता खाण्याचं. 2023 च्या त्याच नियमांत खायला घालण्याबद्दल मात्र शहाणपणाची गोष्ट आहे. जागा सोसायटीने ठरवावी. ती मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या दारापासून दूर असावी. वेळही मुलं आणि म्हातारी माणसं वावरत नाहीत अशी असावी. आम्ही मागच्या भिंतीलगतची जागा ठरवली. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी उन्हं कलताना. ताटली ठेवायची, अर्ध्या तासात उचलायची, जागा धुवायची. पाणी मात्र दिवसभर. पाळी तिघींची, पण आता तिघी एकमेकींना ठाऊक असलेल्या.

आणि काय घालू नये? कांदा-लसूण घातलेलं काहीही. आपला जिल्हा कांद्याचा, भाजी-आमटी-रस्सा कांद्याशिवाय होत नाही आणि उरलेला रस्सा-भात मांजरीपुढे जातो. कांद्याने मांजरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, ती फिकट पडून मरूही शकते. शिजलेला कांदाही तितकाच वाईट. दूध हे दुसरं. कितीही आवडीने प्यालं तरी बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचत नाही, पातळ शी होते आणि ती घाण पुन्हा आपल्याच दारात. नुसत्या दूध-पोळीवर मांजर नीट जगत नाही, तिला मांस-मासे किंवा तयार मांजरखाद्य लागतं. शाकाहारी घरांना हे अवघड जातं, मान्य. त्यांनी पैसे द्यावेत, पाणी भरावं, वही सांभाळावी. आणि ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी तर कधीच नको. एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते.

घाणीची तक्रार करणाऱ्यांना आपण प्राणिद्वेष्ट्या ठरवून मोकळ्या होतो, ते बरोबर नाही. मांजर मऊ, कोरड्या मातीत उकरून बसते. कॉलनीत बांधकामाची वाळू पडलेली असेल तर ती ताडपत्रीने झाका आणि मागच्या कोपऱ्यात तिच्यासाठीच थोडी वाळू टाका, ती रोज साफ करा. घरात सून गरोदर असेल तर मांजर हाकलायची काही गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू मांजरीच्या विष्ठेतून येऊ शकतो, हे खरं. पण ती विष्ठा पडल्यापासून निदान एक दिवस तरी धोक्याची नसते, म्हणून रोजच्या रोज काढली तर प्रश्न मिटतो आणि ते काम गरोदर बाईने न करता दुसऱ्याने करावं. तो जंतू कच्च्या मांसातून आणि मातीच्या, न धुतलेल्या भाजीतूनही येतो. कोथिंबिरीची जुडी नीट धुणं अधिक महत्त्वाचं.

मांजर चावली, ओरबाडलं आणि रक्त आलं, तर मात्र चालढकल नको. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात जायचं. तिथे ती मोफत मिळते. रेबीज कुत्र्याकडूनच होतो हा गैरसमज आहे.

मखमलाबाद, गंगापूर रोडच्या पुढे, सिन्नर-निफाडकडच्या वस्त्यांत राहणाऱ्या मैत्रिणींसाठी आणखी एक. बिबट्या. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात 87 टक्के पाळीव आणि गावातले प्राणी निघाले. त्यात कुत्री एकटी 39 टक्के, आणि पाठोपाठ मांजरं. शेळ्या मागे! रात्री अंगणात उष्टं टाकून दहा मांजरं जमवणं म्हणजे कुणाला आमंत्रण देणं आहे, ते यावरून कळावं. तिकडे तर अंधार पडायच्या आत ताटली उचललीच पाहिजे.

पिल्लांचं काय केलं, ते राहिलं. ती दोन महिन्यांची होईपर्यंत आईपाशीच ठेवली. पहिल्या काही आठवड्यांत रोज हातात घेतली की ती माणसाळतात, पुढे अवघड जातं. हे काम पोरांनी अर्थातच आनंदाने केलं. तीन पिल्लं घरं बघून दिली, पाच-सहा महिन्यांची झाली की ऑपरेशन करायचं असं आधी कबूल करून घेऊन. एका आईला मुलीच्या वाढदिवसाला 'सरप्राइज' म्हणून हवं होतं, तिला नाही म्हटलं. चौथं पिल्लू साथीत गेलं. एका रात्रीत उलट्या होऊन गेलं. लस द्यायला आम्हाला आठवडाभर उशीर झाला होता. तेव्हापासून वहीत आठव्या आठवड्याच्या पानावर लाल पेनाने खूण असते.

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. आमची पांढरी आता कुठेच फिरवत नाही. कापल्या कानाने मीटरच्या पेटीवर बसलेली असते, काकूंच्या खिडकीसमोर, आणि काकू तिला रोज 'शुक शुक' करतात. ती उठत नाही. चारही माद्या आणि दोन बोके झाले. तिसरा बोका वर्षभर पिंजऱ्याला हुलकावणी देतोय.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीतून एक बाई आल्या. त्यांच्याकडे गोठ्यात व्यायली आहे, लोक पोत्याची भाषा करताहेत, म्हणाल्या. पिल्लं किती दिवसांची ते विचारलं, पाच आठवड्यांची होती. वॉचमनदादांनीच पिंजरा काढून धुतला आणि कसा लावायचा ते त्यांना दाखवलं. बोका सापडायचा तेव्हा सापडेल, पिंजरा सध्या मागच्या गल्लीत आहे.